केवलरामभाऊंचा थंडा सूर्य

केवलरामभाऊ वादात हरले, असं मी लग्न होऊन भिलाईला आल्यापासून कधी पाहिलं नव्हतं. सेक्टर दोनमध्ये आमच्या आणि त्यांच्या क्वार्टरची मधली भिंत एकच, त्यामुळे त्यांचे वाद ऐकायला मला दाराबाहेर जावं लागत नसे. पोळ्या लाटता लाटता सगळं कानावर यायचं. समोरचा माणूस मुद्दे मांडून मांडून घशाला कोरड पाडून घ्यायचा आणि भाऊ शेवटी एकच वाक्य टाकायचे, "म्या डोळ्यानं पाह्यलं हाय." मग कोण काय बोलणार?

डोळाही काही साधासुधा नव्हता. आमगावकडच्या एका खेड्यातून, धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, सोडून हा माणूस पोलादाचं प्लांट उभं राहत असताना माती वाहायला आला. पुढे मेल्टिंग शॉपमध्ये लागला, म्हणजे जिथं लोखंड वितळवून पोलाद करतात त्या भट्ट्यांवर. भट्टीत बघायला एक निळी काच असते. ती डोळ्यांसमोर धरायची आणि आतला माल कितपत तापलाय ते रंगावरून ओळखायचं. यात भाऊंचा हात धरणारा कोणी नाही, असं आमचे हे सांगायचे. हे म्हणजे श्यामराव, प्लांटच्या ऑफिसात क्लार्क. तापमान मोजायची यंत्रं तिथं होतीच. यंत्राचं आणि भाऊंचं बहुतेक वेळा एकमत व्हायचं, आणि नाही झालं तर भाऊ यंत्रावर रागवायचे. ती निळी काच शर्टाच्या खिशात बसून रोज घरी यायची. गयाबाई, म्हणजे त्यांची बायको, शर्ट भिजवायच्या आधी खिसा चाचपायची.

गयाबाईचाही डोळा होता, पण तो दुधावर. सकाळी राऊत, म्हणजे आमच्याकडचा गवळी, दूध घेऊन आला की ती काचेच्या ग्लासात थोडं ओतून घ्यायची, ग्लास खिडकीशी धरायची आणि तिरका करून बघायची. मग लगेच निकाल. "निळं हाय हे. पानी टाकलं तू." राऊत गळ्याला हात लावून शपथ घ्यायचा, "नइ दाई, पानी नइ मिलाय हँव." दोघांचं हे रोजचं होतं. त्याशिवाय आमच्या क्वार्टरांच्या ओळीत दिवस उजाडला असं वाटायचंच नाही.

अशा दोन तिखट नजरांच्या घरात जन्मलेली त्यांची एकुलती एक वसुंधरा मात्र जाड भिंगाचा चष्मा लावायची. पुस्तकात नाक खुपसून बसणारी, आईशी मराठी, मैत्रिणींशी हिंदी आणि माझ्याशी दोन्हीची खिचडी बोलणारी पोर. ज्या वर्षीची ही गोष्ट आहे त्या वर्षी तिनं अकरावीची परीक्षा दिली होती. आमच्या मध्य प्रदेशात तेव्हा अकरावीला बोर्ड असायचं आणि पुढे सरळ कॉलेज. तिला दुर्गच्या कॉलेजात बी.एस्सी.ला जायचं होतं. भाऊंच्या मनात तिला टायपिंगला घालायचं होतं. टायपिंग आलं की प्लांटच्या ऑफिसात कुठं तरी लागेल, आपल्या डोळ्यांसमोर राहील, एवढाच त्यांचा हिशोब. ते नाही म्हणत नव्हते, पण हो पण म्हणत नव्हते. विषय निघाला की "पाहू" म्हणायचे आणि चप्पल घालून बाहेर पडायचे.

मे महिन्यातली संध्याकाळ होती. अंगणात पाणी शिंपडून आम्ही सगळे खाटा टाकून बसलो होतो. क्वार्टरांच्या ओळीमागे सूर्य बुडत होता, मोठ्ठा, लालबुंद, कुंकवाच्या टिळ्यासारखा. आमचे हे म्हणाले, "हा सगळा प्लांटच्या धुराचा प्रताप आहे. नाही तर सूर्य कुठं लाल असते?"

यात ह्यांचं तरी काय चुकलं म्हणा. भिलाईत वाढलेल्या पोरासोरांना विचारा, लाल रंग आभाळात प्लांटच आणतं असंच सांगतील. तिकडे तापलेला स्लॅग, म्हणजे भट्टीतली वितळलेली मळी, ओतला की अंधारातसुद्धा अर्धं आभाळ तांबडं होतं, ते आम्ही रोजच बघतो. मग सूर्य वेगळा कसा असेल?

भाऊ खाटेवर उठून बसले. आता वाद होणार म्हणून मी सुपातले गहू निवडायचे थांबले.

"शामरावजी, आमच्या गावाले कोन्तं प्लांट हाय? तिथं धानाच्या बांधीत बी असाच लाल बुडते. म्या डोळ्यानं पाह्यलं हाय."

"मग कावून होते लाल, तुम्हीच सांगा."

"सोपं हाय. पोलाद तापाले लागलं का पहिले लाल दिसते. मंग पिवळं. मंग पांढरं फटक. आन् थंडं होत गेलं का उलटं. पांढऱ्याचं पिवळं, पिवळ्याचं लाल, मंग काळं. आता सूर्य पाहा. सकाळी नुकता पेटला रायते, म्हनून लाल. दुपारी भट्टी फुल तापली, पांढरा. संध्याकाळी थंडा पडला, पुन्हा लाल. मंग काळं. रात्र झाली. सांगा, यात काय चुकलं?"

काहीच चुकलेलं दिसत नव्हतं. सकाळ-संध्याकाळचं ऊन चटका देत नाही, दुपारचं देतं, हे तर शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्या ह्यांनी मान डोलावली. खरं सांगायचं तर मलाही पटलं. भट्टीवरचा माणूस सांगतोय, आणि एवढं नीट सांगतोय, तर सूर्यानं तरी त्याच्याबाहेर का जावं?

तेवढ्यात उंबऱ्यावर बसलेली वसुंधरा बोलली. "बाबा, असं नाही आहे. सूर्य थंडा नाही होत. तो तेवढाच गरम राहते. आपल्यापर्यंत येता येता त्याचा उजेड बदलते. किताबात दिलं आहे."

"किताबात!" भाऊ म्हणाले. सगळी ओळ हसली.

आता पोरीनं गप्प बसायचं की नाही? पण ती बापाचीच लेक. "किताबात आहे ते सही आहे, बाबा. तुमचं गलत आहे."

हसणं थांबलं. केवलरामला गलत म्हणायची हिंमत मेल्टिंग शॉपमध्ये कोणी केली नव्हती, ती अंगणात, चारचौघांत, पोटच्या पोरीनं केली. भाऊंचा चेहरा मी पाहिला. रागापेक्षा त्यात लागल्यासारखं जास्त होतं. ते हळू आवाजात बोलले, आणि ते हळू बोलले की प्रकरण गंभीर असतं.

"जे डोळ्याले दिसत नाई ते शिकून काय करशीन तू? मले दाखव. डोळ्यानं दाखव का सूर्य थंडा नाई. दाखवलं त कॉलेज. नाई दाखवलं त टायपिंग. कॉलेजचा फारम भराची तारीख निघून जायाच्या आत."

"बाबा, पक्कं?"

"पक्कं. भट्टीचं तोंड एकदा फोडलं का पोलाद परत आत भरता येत नाई. माझं बोलनं तसं हाय."

झालं. सगळ्या ओळीसमोर बोलून बसले. आता दोघांपैकी कोणालाच मागे सरता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वसुंधरा माझ्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसली आणि रडली. मी तिला रडू दिलं, मग चहा दिला, मग विचारलं, "पण बाई, त्या किताबात आहे तरी काय?" तिनं डोळे पुसत सांगितलं. सूर्याचा पांढरा उजेड म्हणजे सगळ्या रंगांची मिसळ. तो हवेतून येताना निळा रंग सगळ्यात जास्त विखुरतो, इकडे तिकडे सांडतो. म्हणून तर आभाळ निळं दिसतं. दुपारी सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा उजेडाला हवेतून थोडीच वाट कापावी लागते, फारसं काही सांडत नाही. सकाळी आणि संध्याकाळी तो आडवा येतो, लांबच लांब हवेतून. तोपर्यंत निळा वाटेतच सांडून जातो आणि आपल्यापर्यंत पोचतो तो उरलेला लाल.

"म्हणजे मीठ-मिरची घेऊन निघाला आणि घरी नुसती मिरचीच पोचली," मी म्हटलं.

"हो काकू, तसंच! पण हे बाबांले दाखवू कसं? हवा कुठं दिसते?"

ती हुशार होती. शाळेतल्या बाईंनी कधी तरी सांगितलेलं तिला आठवत होतं, की पाण्यात दूध घालून त्यातून उजेड पाडला तर असं काही दिसतं. त्याच संध्याकाळी तिनं काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, त्यात चांगलं सढळ हातानं दूध घातलं आणि मागून टॉर्च धरला. टॉर्चचा उजेड मळकट तांबूस दिसला. "पाहा बाबा! पाहा!" ती ओरडली.

भाऊंनी ग्लासाकडे पाहिलंच नाही. टॉर्च हातात घेतला, नुसता बल्ब पाहिला, मग घरात जाऊन नवे सेल घालून आणले. आता उजेड पांढरा स्वच्छ. ग्लासामागे धरला तर दुधात नुसता पांढरा गोळा. लालीचं नाव नाही.

"सेल उतरले होते," भाऊ म्हणाले. "टार्च थंडा पडला म्हनून लाल दिसला. हे त माझंच म्हननं झालं, पोरी."

खोटं नव्हतं ते. सेल उतरले की बल्ब लालसर होतोच, सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ओळ पुन्हा हसली, आणि या वेळी जरा जास्तच हसली. वसुंधरा ग्लास तिथंच ठेवून आमच्या घरात शिरली. भाऊ जिंकले होते, पण जिंकलेल्या माणसासारखे दिसत नव्हते. जेवणाच्या वेळी भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, "वहिनी, पोरगी तुमच्याकडं जेवली का?" मी म्हटलं, जेवली. ते बरं म्हणाले.

फॉर्मची तारीख जवळ येत होती. गयाबाई माझ्याजवळ म्हणाली, "दोघं बी एकाच मातीचे. मधात मी." तिला लेकीनं शिकावं असंच वाटत होतं. ती स्वतः चौथीच्या पुढे गेली नव्हती, आणि त्याची हळहळ तिच्या तोंडून मी कितीदा ऐकली होती. पण नवऱ्याचा शब्द मोडायचा कसा, तेही चारचौघांतला?

मग एका सकाळी राऊत आला. गयाबाईनं ग्लास खिडकीशी धरला, तिरका केला आणि निकाल दिला, "निळं हाय. आज त लईच निळं हाय. पानीच आनलं, त्यात दूध टाकलं तू!"

वसुंधरा न्हाणीच्या दाराशी दात घासत उभी होती. ती तोंडात फेस तसाच ठेवून धावत आली.

"माय! निळं कावून दिसते?"

"मले काय मालूम? पानी टाकलं का दूध निळं दिसते. कडेनं पाय."

पोरीनं ग्लास आईच्या हातातून घेतला. एकदा कडेनं पाहिलं. मग सूर्याकडे तोंड करून ग्लासातून आरपार पाहिलं. मग तिनं आईला मिठी मारली, ती टूथपेस्टसकट. राऊत म्हणाला, "देख दाई, बेटी ला दूध पसंद आगे," आणि संधी साधून सटकला.

मी अंगणाच्या भिंतीवरून सगळं बघत होते. वसुंधरा माझ्याकडे वळून म्हणाली, "काकू, कडेनं निळं आणि आरपार लालसर! मी त्या दिवशी दूध जास्ती टाकलं. आणि ग्लास छोटा. दूध पाहिजे थोडं आणि वाट पाहिजे लंबी! तुमच्याकडे ती मछलीची पेटी आहे न?"

होती. आमच्या ह्यांना मध्ये मासे पाळायचा नाद लागला होता. लांबलचक काचेची पेटी आणली, त्यात मासे सोडले, मासे आठवडाभरात देवाघरी गेले आणि पेटी उरली. मी तिच्यात कांदे ठेवत असे. ह्यांच्या नादांचा शेवट बहुतेक कांद्यांत किंवा बटाट्यांत होतो. कांदे काढले, पेटी धुतली, पुसली, वास जाईपर्यंत उन्हात ठेवली.

रविवारी दिवेलागणीला भाऊंच्या बाहेरच्या खोलीत सगळी ओळ जमली. खिडक्यांना चादरी लावल्या. टेबलावर पाण्यानं भरलेली पेटी आडवी ठेवली. तिच्या एका टोकाला डालड्याचा डबा, आत मोठा बल्ब, आणि डब्याला पेटीच्या बाजूनं एक भोक. वरून डबा उघडाच, म्हणजे जवळ उभ्या माणसाला बल्ब थेट दिसावा. या वेळी टॉर्च नव्हता, सेल नव्हते, घरातली लाइन होती.

भाऊंनी आधी तपासणी केली. बल्ब पाहिला, तोही निळ्या काचेतून. वायर पाहिली. पेटीतल्या पाण्यात बोट बुडवून चाखलं. वसुंधरेनं पेटीची काच पुन्हा एकदा पुसली. कॉलेज म्हणा, पुढचं सगळं आयुष्य म्हणा, त्या पाण्याच्या पेटीत होतं आणि तिला ते माहीत होतं.

"बाबा, तुम्ही त्या टोकाले बसा. पेटीतून आरपार पाहा. माय, तू इथं बल्बजवळ. थोडं थोडं दूध टाक. निळं कधी होते ते तुले कळते, मले नाही."

गयाबाई वाटी घेऊन उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःच्या हातानं पाण्यात दूध मिसळत होती. देवाचं घ्यावं तसं राऊताचं नाव घेऊन तिनं एक थेंब सोडला. मग आणखी.

"काय दिसते, बाबा?"

"पांढरा बल्ब."

आणखी थेंब. गयाबाई पाणी हलवत होती, वाकून कडेनं बघत होती. "आता पानी निळं होऊन राह्यलं," ती पुटपुटली. मीही वाकून पाहिलं. खरंच, बल्बजवळचं पाणी धुरकट निळं झालं होतं, सकाळच्या आभाळासारखं.

"बाबा?"

"पिवळा झाला थोडा." भाऊंनी डोळे बारीक केले. "आता नारिंगी." मग ते एकदम पुढे सरकले. "लाल! लाल झाला. पाहा, बल्ब थंडा पडला. लाइन कमी आली."

"कायचा लाल?" गयाबाई म्हणाली. "माझ्या डोळ्यासमोर पांढरा फटक जळून राह्यला."

"लाल हाय म्हनतो न मी!"

"तुमचे डोळे गेले का? पांढरा हाय!"

"गया, बत्तीस रंग वळखतो मी भट्टीचे. लाल हाय!"

"मंग इकडं येऊन पाहा न!"

तीस वर्षं ज्या नवऱ्याच्या डोळ्याची शपथ तिनं खाल्ली, त्याला ती भर खोलीत खोटं पाडत होती. आणि दोघंही खरं बोलत होते! मला हसू आवरेना. वसुंधरेचा आवाज तेवढा स्थिर होता. ती म्हणाली, "बाबा, माय, जागा बदला."

दोघांनी जागा बदलल्या. भाऊ बल्बशी आले आणि डब्यात डोकावले. गयाबाई पेटीच्या त्या टोकाला बसली आणि "अगं माय, लाल!" म्हणून ओरडली. भाऊंनी पांढरा बल्ब पाहिला. परत त्या टोकाला गेले, लाल पाहिला. परत इकडे आले. चार-पाच फेऱ्या झाल्या असतील. शेवटी ते पेटीच्या मधोमध उभे राहिले आणि एक डोळा इकडे, एक डोळा तिकडे असं काहीसं करायला लागले.

"एकाच टायमाले थंडा बी आन् गरम बी, असं त होत नाई," ते स्वतःशीच म्हणाले.

"बल्ब तोच आहे बाबा. वाट लंबी झाली."

खोलीत कुजबुज सुरू झाली. आमच्या ह्यांनी टाळी वाजवायला हात उचलले, तेवढ्यात भाऊंनी बोट वर केलं.

"थांबा. ह्या पान्यात दूध हाय. हवेत कोन दूध टाकलं?"

मुद्दा बिनतोड होता. वसुंधरेनं चष्मा काढला, ओढणीनं पुसला, परत लावला. ती म्हणाली, "हवाच ते काम करते, बाबा. हवेचे एकदम बारीक कण. थोड्या हवेत कळत नाही, कोसो कोस हवा असली की कळते."

"किताबात हाय?"

"किताबात आहे. पण तुम्हाले बी मालूम आहे." ती बापाच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. "शॉपमध्ये नवीन पोट्टा आला आणि शेडच्या त्या टोकावरून मालाचा रंग सांगाले लागला, तर तुम्ही त्याले काय म्हणता? घरी येऊन आमाले सांगता न नेहमी?"

भाऊ सवयीनं बोलून गेले. "म्हनतो, दूरून रंग सांगू नोको बे. धूर, धूळ, काय काय रायते मधात. पांढरा माल बी तिथून लाल दिसते. जवळ ये, मंग..."

ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्या कानात परत शिरलं असावं. भाऊ खाली बसले. खिशातून निळी काच काढली, तिच्याकडे पाहिलं, परत खिशात ठेवली.

"सूर्य त आपन दूरूनच पाहून राह्यलो," ते म्हणाले.

मग ते उठले आणि भट्टीचं तोंड फोडलं की मेल्टिंग शॉपमध्ये आरोळी देतात, तशा आवाजात ओरडले, "हारलो! पोरगी जिंकली! केवलराम हारला!"

असा हरलेला माणूस मी जन्मात पाहिला नाही. आनंदानं त्यांना काय करू आणि काय नको असं झालं होतं. वसुंधरेच्या डोक्यावर हात ठेवला, तो उचलायलाच तयार नव्हते. ती रडत होती, गयाबाई रडत होती, माझ्याही डोळ्यांना धार लागली होती. मग भाऊंनी सायकल काढली आणि सेक्टरच्या मार्केटातून पेढे आणले. पलीकडच्या ओळींतही दारोदार जाऊन वाटले. लोक विचारत, "काय झालं? मुलीचं जमलं का?" भाऊ सांगत, "नाई, मी हारलो." दुसऱ्या दिवशी शॉपमध्येही वाटले म्हणे. तिथं एकानं विचारलं, "हरल्याचे पेढे कोणी वाटते का?" तर भाऊ म्हणाले, "तुले हारवनारी पोरगी हाय का घरी? मंग तू बी वाट."

सोमवारी ड्यूटीवरून आल्या आल्या, तोंडही न धुता, ते तिला घेऊन दुर्गच्या बसमध्ये बसले आणि फॉर्म भरून आले. त्या संध्याकाळी खाटेवर बसून त्यांनी लाल सूर्य बराच वेळ पाहिला. बुडत्या सूर्याला हात जोडायची त्यांची सवय नव्हती, त्या दिवशी जोडले. म्हणाले, "शामरावजी, फुकट बदनाम केलं याले. तिकडं पांढरा फटक जळून राह्यला असन गरीब."

वसुंधरा बी.एस्सी. झाली, मग एम.एस्सी. झाली, आणि दुर्गच्या एका शाळेत फिजिक्स शिकवायला लागली. भाऊ रिटायर झाले, क्वार्टर सोडलं आणि हुडको कॉलनीत स्वतःचं घर घेतलं. आमचंही घर जवळच. भिंत आता एक नाही, पण आवाज अजून येतो.

रिटायर झाल्यावर भाऊंना एक काम लागलं. प्रकाशाचा धडा आला की वसुंधरा त्यांना वर्गात बोलावते. एका वर्षी मीही गेले, आमची माशांची पेटी तिनं मागून नेली होती ना, तेवढ्या हक्कानं. भाऊ इस्तरीचा शर्ट घालून, काखेत पिशवी धरून आले होते. पिशवी टेबलाखाली ठेवली, स्टुलावर बसले, खिशातून निळी काच काढली आणि मुलांना आपल्या हिंदीत थंड्या सूर्याची गोष्ट सांगायला लागले. आधी लाल, मग पिवळं, मग पांढरं फटक. इतकं मन लावून सांगत होते की वर्गानं माना डोलावल्या. मलाही क्षणभर परत पटलं.

मग वसुंधरेनं पेटी मांडली. थेंब पडले, मुलं जागा बदलून बदलून बघायला लागली, आरडाओरडा झाला. सगळं शांत झाल्यावर भाऊंनी बोट वर केलं. "ठीक है. मगर हवा में दूध किसने डाला?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. वसुंधरा हाताची घडी घालून फळ्याशी उभी. ती सांगणार नव्हती. भाऊ एकेका चेहऱ्याकडे बघत होते. बराच वेळ कोणी बोलेना, तशी त्यांची चुळबुळ सुरू झाली. मी त्यांना इतकं कासावीस झालेलं कधी पाहिलं नव्हतं. ते स्वतःच शेडच्या त्या टोकाची आणि नव्या पोट्ट्याची गोष्ट मुलांना सांगायला लागले, अर्धी सांगून थांबले आणि परत वाट बघत राहिले.

शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तेलकट वेण्या, हातात पेन. भीत भीत म्हणाली, "दादाजी, तो आप सूरज को भी बहुत दूर से देख रहे हैं ना? बीच में इतनी सारी हवा है, वही दूध है."

"हार गया!" भाऊ स्टुलावरून उठून ओरडले. "मैं हार गया! बिटिया जीत गई!"

सगळा वर्ग बाकांवर हात आपटायला लागला. वसुंधरा हसत होती. भाऊ खाली वाकले, टेबलाखालची पिशवी ओढली आणि आतून पेढ्यांचा डबा काढला. तो ते घरून निघतानाच घेऊन आले होते.